आधी ऐक, मग सही कर

पोरी, एक गोष्ट सगळ्यांत आधी पक्की कर. कागद दुसऱ्याने वाचून दाखवला म्हणजे आपण वाचला, असं धरायचं नाही. वाचणारा आपलाच असतो, मनाने चांगला असतो, पण त्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच तो वाचतो. "नेहमीचंच आहे, इथं सही कर," म्हणतो. त्या नेहमीच्यातच हरकतीची मुदत असते, व्याजाचा दर असतो, 'वरील अटी मान्य आहेत' असं वाक्य असतं. माझी अर्धी नोकरी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर झाली. सहकारी जेवणाच्या सुट्टीत परिपत्रकं वाचून दाखवायचे, तुझी काकू रात्री जागून पुस्तकं कॅसेटवर भरून द्यायची. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण आता घरात पत्र आलं की ते पहिल्यांदा मी ऐकतो आणि त्यात काय आहे ते घरच्यांना सांगतो. तुझी नजर जाऊन वर्षही झालं नाही, लॅपटॉप नवा आहे, आणि कागद तर येतच राहणार. रेल्वेत गेलेल्या जमिनीचे येतील, पीक विम्याचे येतील, तुझ्या परीक्षांचे येतील. म्हणून हे सगळं सावकाश सांगतो.

स्कॅन केलेला कागद संगणकाच्या लेखी नुसता फोटो असतो. स्क्रीन रीडर अक्षरं बोलतो, फोटो बोलत नाही. पीडीएफ उघडल्यावर तो 'रिकामं' म्हणाला, तर पान कोरं आहे असं समजू नकोस. फोटोतली अक्षरं आधी ओळखून काढावी लागतात, त्यालाच ओसीआर म्हणतात. १९७६ च्या जानेवारीत अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मदतीने छापील पान मोठ्याने वाचणारं यंत्र लोकांपुढे आणलं, तेव्हा ते टेबलाएवढं होतं आणि साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. आज तेच काम तुझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर दोन कळा दाबून होतं, एक पैसा न देता.

पीडीएफ हातात आली की पहिलं काम ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणं. कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवड, कंट्रोल आणि सी ने उचल, नोटपॅडमध्ये टाक. नीट मराठी ऐकू आली तर ओसीआरची गरजच नाही. काहीच आलं नाही तर ते स्कॅन आहे. आणि तिसरा प्रकार आपल्याकडे फार: 'एफ, डॉलर, वाय, कंस' असलं काहीतरी निरर्थक ऐकू येतं. तो कागद श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असतो. डोळ्याला ते शुद्ध मराठी दिसतं, पण फाइलच्या आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळस माणसाला सांगितलं तर त्याला पटत नाही, कारण त्याच्यापुढे स्वच्छ मराठी असते. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडच्या नोटिसा, निकालपत्रं, शिक्षकांनी काढलेल्या नोट्स अजून अशा फॉन्टमध्ये निघतात. लोक मग हा फॉन्ट त्या फॉन्टमध्ये बदलणारे कन्व्हर्टर शोधत बसतात. फॉन्ट नेमका कोणता ते कळलं तर ठीक, नाहीतर त्यात दिवस जातो. माझा अनुभव असा की अशी पीडीएफ सरळ फोटो समजावी आणि तिचं ओसीआर करावं. छपाई कोरी असते, अक्षरं सरळ रेषेत असतात, म्हणून ओळख उत्तम होते. कित्येकदा खऱ्या स्कॅनपेक्षाही चांगली.

आता लॅपटॉपवर काय करायचं ते. तुझ्याकडे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. तो ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केला, जेम्स तेह हा दुसरा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आणि आजही तो जगाला मोफत मिळतो. २०१७ पासून त्यात विंडोजचं ओसीआर बसवलेलं आहे. विंडोज १० किंवा त्याच्या पुढचं हवं. फाइल उघड, विंडो पूर्ण पडद्यावर मोठी कर, मग इन्सर्ट धरून आर दाब. क्षणभर थांब. ओळखलेला मजकूर एका वेगळ्या पानासारखा समोर येतो, त्यात बाणांच्या कळांनी ओळ-ओळ फिर. सगळा निवडून उचल आणि वर्डमध्ये टाक. एस्केप दाबलंस की ते पान निघून जातं, म्हणून उचलल्याशिवाय एस्केप दाबायचं नाही.

इथे तीन गोष्टी अडवतात. पडदा काळा ठेवायची सोय, स्क्रीन कर्टन, चालू असेल तर ओसीआर होत नाही. आधी ती बंद कर. दुसरं, पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच ओळखलं जातं. पान अर्धं खाली गेलं असेल तर अर्धंच मिळेल आणि राहिलेलं राहिलं हे तुला कळणारही नाही. म्हणून पान पूर्ण मावेल असं ठेव आणि पुढच्या पानावर जाऊन पुन्हा इन्सर्ट-आर. तिसरं, एनव्हीडीए ज्या घटकावर उभा असतो त्याचंच चित्र तो घेतो. एखाद्या बटणावर उभी राहून ओसीआर केलंस तर बटणाचंच नाव परत मिळतं. आधी कागदाच्या भागात ये.

जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर असलेल्या ठिकाणी, म्हणजे कॉलेजच्या किंवा एखाद्या संस्थेच्या संगणकावर, इन्सर्ट आणि स्पेसबार एकत्र, मग ओ, मग डी. सबंध पीडीएफ एकदम ओळखून वर्डसारखी पुढे येते. लांब इंग्रजी कागदाला ते फार सोयीचं. जॉज विकत घ्यावं लागतं, त्यासाठी कर्ज काढायचं काही कारण नाही.

विंडोजच्या या ओसीआरमध्ये इंग्रजी आहे, देवनागरी नाही. मराठी पानावर इन्सर्ट-आर दाबलंस तर इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येईल, आणि पुष्कळ मुलं तिथंच हात टेकतात. मराठीसाठी माझे दोन रस्ते आहेत. पहिला गुगल ड्राइव्हचा. फाइल ड्राइव्हवर चढव, तिच्यावर उभी राहून मेनूची कळ दाब, 'ओपन विथ' मध्ये 'गुगल डॉक्स' निवड. नवं डॉक्युमेंट उघडतं आणि फोटोखाली मजकूर येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवायची, पान आडवं किंवा उलटं असता कामा नये. पानं जास्त असतील तर फाइलचे तुकडे कर. दुसरा रस्ता टेसरॅक्टचा. ते मूळ एचपी कंपनीत १९८५ च्या सुमाराला सुरू झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. त्याला मराठी येते, ते मोफत आहे, आणि ते तुझ्या लॅपटॉपवरच चालतं, कागद इंटरनेटवर जात नाही. हे का महत्त्वाचं ते पुढे सांगतो. नॅप्स२ नावाचा एक साधा स्कॅनिंगचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या आत हेच टेसरॅक्ट आहे. त्यात भाषांच्या यादीतून मराठी उतरवून घे आणि इंग्रजीही सोबत ठेव, कारण आपल्या कागदांत दोन्ही मिसळलेल्या असतात. त्यातून जी पीडीएफ निघते तिच्यात वर कागदाचा फोटो असतो आणि खाली ओळखलेली अक्षरं. डोळस माणसाला मूळ कागद दिसतो, तुला ऐकू येतो, आणि एकच फाइल दोघांचं काम करते. ही पीडीएफ मला सगळ्यांत आवडते.

मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावून गुगल लेन्स वापर. मराठी बऱ्यापैकी ओळखतं, आणि मजकूर उचलता येतो. बंगळुरूच्या ट्रेसल लॅब्सचं किबोही आहे, ते भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेलं आहे. दोन्ही वापरून बघ, हाताला जे बसेल ते ठेव.

आवाजाचंही सांगून ठेवतो. स्क्रीन रीडरला इंग्रजी आवाज लावलेला असेल तर मराठी मजकूर समोर असूनही तो मुका राहतो किंवा भलतंच बोलतो. ओसीआर फसलं असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त आवाज बदलायचा असतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आहे. आवाज रुक्ष आहे खरा, पण एकेक अक्षर स्पष्ट सांगतो, आणि तपासणीला तोच कामाचा.

आता जिथं खरं पाणी मुरतं ती गोष्ट: फोटो किंवा स्कॅन कसा काढायचा. ओसीआर वाईट आहे म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचा फोटो वाईट असतो, असं मी खुशाल म्हणतो. आपल्याला दिवा लागत नाही, पण कॅमेऱ्याला लागतो. दुपारी खिडकीजवळ बस, ऊन थेट कागदावर नको, आपली सावली नको. रात्री असेल तर घरातल्या कुणाला तरी दिवा लागलाय का ते विचार. टेबलावर काळं किंवा गडद कापड अंथर, त्यावर कागद ठेव, म्हणजे कागदाच्या कडा कॅमेऱ्याला नीट सापडतात. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा लॅमिनेशनमध्ये असलेल्या कागदावर प्रकाश चमकतो आणि मधल्या ओळी गायब होतात. पिशवीतून काढता येत असेल तर काढ, लॅमिनेट असेल तर खिडकीकडे पाठ करून घे. घडी पडली असेल तर आधी जाड पुस्तकाखाली दाबून ठेव, कारण घडीच्या रेषेवरची ओळ हमखास जाते. मग मोबाइल कागदाच्या अगदी मध्यावर सपाट टेकव, दोन्ही कोपरं टेबलावर रोव आणि मोबाइल सरळ वर उचल, साधारण हातभर. वाकडा होऊ देऊ नकोस. श्वास रोखून फोटो. हे हाताला बसेपर्यंत जुन्या वर्तमानपत्रावर सराव कर, महत्त्वाच्या कागदावर नाही.

झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेणार असशील तर दोन गोष्टी ठणकावून सांग: स्कॅन ३०० डीपीआयवर कर, आणि काच पुसून घे. आपल्या परळीत थर्मल वीज केंद्राची राख कुठे बसत नाही? खिडकीच्या पट्टीवर बसते तशी स्कॅनरच्या काचेवरही बसते. इंग्रजी पानावर एखाद्या ठिपक्याने काही बिघडत नाही. मराठीत मात्र शिरोरेषेवर पडलेला ठिपका अनुस्वार होतो आणि दोन आकड्यांमध्ये पडलेला ठिपका दशांशचिन्ह. दुकानदार तहसीलजवळचा असो की बसस्टँडजवळचा, ओळख करून घे. तू मूळ कागद दे आणि त्याचाच स्कॅन माग. झेरॉक्सची झेरॉक्स मशीनला धड वाचता येत नाही.

स्कॅन झाला, मजकूर ऐकू आला, म्हणजे काम संपलं असं नाही. यंत्राने अक्षर ओळखलेलं नसतं, अंदाज केलेला असतो, आणि त्याचे अंदाज कुठे चुकतात ते आपल्याला ठाऊक असायला हवं. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत होते. ख चा रव होतो. रफार उडतो, अनुस्वार उडतो, शिक्का ज्या शब्दांवर बसलाय ते शब्द तुटतात. शब्दातली चूक कानाला खटकते आणि आपण ती मनात दुरुस्त करून घेतो. आकड्यातली चूक खटकत नाही, कारण कोणताही आकडा खरा वाटतो. देवनागरी १ आणि ९ एकमेकांसारखे. गट क्रमांक १९७ चा ११७ झाला तर ऐकताना काहीच चुकल्यासारखं वाटणार नाही, आणि अर्ज मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर जाईल.

म्हणून आकडे वेगळे ऐकायचे. उजव्या बाणाने एकेक अंक ऐक. सातबाऱ्यात क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं ठिपक्यांनी तोडून लिहिलेलं असतं. एक ठिपका गळला की एक हेक्टर वीस आरचं भलतंच काही होतं. रकमेतला स्वल्पविराम बघ, आकड्यांतल्या रकमेखाली 'अक्षरी' रक्कम असेल तर दोन्ही जुळतात का बघ. बँकेच्या कागदात खाते क्रमांक आणि आयएफएससी जुन्या पासबुकाशी ताडून घे. आयएफएससीमध्ये पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, तिथं 'ओ' आलं असेल तर ओसीआरची चूक आहे हे लगेच कळतं. शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो, त्याची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवस अशी तारखेने होते. ती वरच्या तारखेशी जुळत असेल तर निदान तेवढे आकडे बरोबर आले आहेत. अशा जागा शोधून ठेव, जिथं कागद स्वतःच स्वतःची साक्ष देतो.

आणि नकार. 'पात्र' आणि 'अपात्र', 'मंजूर' आणि 'नामंजूर'. ओळीच्या सुरुवातीचं एखादं अक्षर कडेला कापलं गेलं की अर्थ उलटा होतो. निर्णयाचं वाक्य जिथं असेल तिथं दुसऱ्या साधनाने पुन्हा ओसीआर कर. ड्राइव्हने केलं असेल तर टेसरॅक्टने कर. दोन वेगळी यंत्रं सहसा एकाच जागी तशीच चूक करत नाहीत. दोघांचं पटलं नाही तर ते वाक्य डोळस माणसाकडून वाचून घे, फक्त ते वाक्य.

तक्ते हा ओसीआरचा सगळ्यांत कच्चा भाग. गुगलवाले स्वतःच सांगतात की तक्ते, रकाने आणि तळटिपा नीट येतील याची खात्री नाही. गाव नमुना बारात पिकाचं नाव एका रकान्यात आणि क्षेत्र दुसऱ्या. ओसीआर झाल्यावर आधी सगळी पिकं सलग येतात, मग सगळी क्षेत्रं सलग. कशाचं काय हे मजकुरावरून कळत नाही. भूसंपादनाच्या निवाड्याचंही तसंच, खातेदारांची नावं आणि मोबदल्याचे आकडे वेगळे पडतात. अशा कागदाचा स्कॅन एका रकान्यापुरता कापून घेतला तर बरं येतं, पण त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे तक्त्याचा कागद स्कॅन करायची वेळच येऊ न देणं. सातबारा डिजिटल सहीचा, १५ रुपये भरून, घरबसल्या मिळतो. मार्कशीट आणि आधार डिजिलॉकरमध्ये मिळतात. बाबांच्या ट्रंकेतल्या पिवळ्या प्रतीशी झटापट करण्याआधी नवी प्रत मिळते का ते बघावं.

हाताने लिहिलेल्या कागदाबद्दल आशा कमी ठेव. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणून जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या गेल्या तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्या माणसांनाच बसवावं लागलं. ते पान ऐकायचं तर जाणकार लागतो. उसाच्या उचलीची चिठ्ठी, भावकीतलं वाटणीपत्र, डॉक्टरची चिठ्ठी यांनाही माणूसच. अशा वेळी वाचणाऱ्याला सांग, 'वरपासून खालपर्यंत वाच, शिक्का कुठे आहे, सही कुणाची आहे, खाडाखोड कुठे आहे तेही सांग,' आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून घे.

आता नव्या एआयचं सांगतो, कारण तुझ्या वयाची मुलं आधी तिकडेच जातात. फोटो दिला की ते कागदाचा सारांश सांगतं, हस्ताक्षरही वाचतं. बी माय आइज या ॲपमध्ये २०२३ पासून तशी सोय आहे. ते कामाचं आहे, मी वापरतो. पण त्याच्या चुकीचा स्वभाव वेगळा असतो. ओसीआर चुकलं की वेडंवाकडं अक्षर येतं आणि आपण सावध होतो. एआयला शब्द दिसला नाही तर ते तिथं शोभणारा शब्द बसवून देतं, आणि वाक्य इतकं सुरेख असतं की शंकाच येत नाही. म्हणून त्याला सारांश आधी मागू नकोस. 'कागदावर जे आहे ते जसंच्या तसं लिही, जे वाचता येत नाही तिथं अस्पष्ट असं लिही, स्वतःचं काही घालू नकोस,' असं सांग. तो मजकूर आणि ओसीआरचा मजकूर शेजारी ठेवून ऐक. रक्कम आणि तारीख तर नुसत्या एआयच्या भरवशावर कधीच नाही.

'पीडीएफ टू टेक्स्ट' असं शोधलं की शेकडो वेबसाइटी मिळतात. अनोळखी साइटवर आधार, पासबुक, वैद्यकीय रिपोर्ट, अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांतलं काही चढवायचं नाही. असे कागद घरातल्या घरात, टेसरॅक्टवर किंवा इंग्रजी असतील तर एनव्हीडीएवर. कुठे द्यायचंच असेल तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत दे. आपल्याला स्क्रीनवर काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ही काळजी आपण डोळसांपेक्षा जास्त घ्यायची.

आता जपून ठेवण्याचं. वाचता आलं पण सहा महिन्यांनी सापडलं नाही तर वाचल्याचा उपयोग काय? डोळस माणूस फाइलमध्ये बघून कागद ओळखतो, आपण नावावरून ओळखतो. नावाची सुरुवात तारखेने कर, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मग कुणाचा कागद, मग कशाबद्दल. 'स्कॅन ०००१२' असलं नाव एकही राहू देऊ नकोस. प्रत्येक कागदाचं एक फोल्डर, त्यात मूळ स्कॅन आणि त्याचा ऐकण्याजोगा मजकूर, दोन्ही एकाच नावाने. मजकूर मिळाला म्हणून मूळ स्कॅन पुसायचा नाही. उद्या शंका आली तर दाखवायला तोच लागतो, आणि पुढे आणखी चांगलं ओसीआर आलं तर त्याच्यावरून नवा मजकूर काढता येतो. पूर्वी साध्या नोटपॅडमध्ये मराठी जतन केली की प्रश्नचिन्हं व्हायची. २०१९ पासून नवं नोटपॅड आपोआप युनिकोडमध्ये ठेवतं, पण सायबर कॅफेतल्या जुन्या संगणकावर वर्ड फाइलच वापर.

लांब कागद असेल, एखादं पुस्तक असेल, तर त्याच्यावर थोडं काम कर. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला 'पान ३' असं लिही. प्रकरणांच्या नावांना वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबून हेडिंग दे. मग पुढच्या वेळी एका कळीने प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते. परीक्षेच्या पुस्तकांना हे नक्की कर. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील सहा वर्षांच्या असताना त्यांची नजर गेली. जॉजवर पुस्तकं ऐकून त्यांनी अभ्यास केला आणि २०१७ साली लागलेल्या यूपीएससीच्या निकालात देशात १२४ व्या येऊन त्या आयएएस झाल्या. आणि पुस्तक स्कॅन करण्याआधी सुगम्य पुस्तकालयात शोध. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्यात कुणीतरी ते आधीच तयार करून ठेवलेलं असू शकतं. नसेल तर निर्धास्त स्कॅन कर. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग माणसाला स्वतःच्या वापरासाठी वाचता येण्याजोगी प्रत करू देतो, आणि परदेशातल्या अशा प्रती इकडे यायला मार्ग देणाऱ्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश आपलाच. फक्त ती प्रत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वाटत सुटू नकोस. ती मुभा आपल्यासाठी आहे, ती आपणच नीट वापरली पाहिजे.

पेन ड्राइव्हवर एक प्रत आणि गुगल ड्राइव्हवर एक. लॅपटॉप पडतो, पेन ड्राइव्ह हरवतो, दोन्ही एकाच दिवशी सहसा होत नाही.

शेवटी मागणीचं. इतकी मेहनत आपण का करायची, हा प्रश्न तुला पडेल, आणि पडलाच पाहिजे. जो कागद त्यांच्या संगणकावर वर्डमध्ये तयार झाला, तो छापून, शिक्का मारून, स्कॅन करून आपल्याला पाठवतात आणि मग आपण त्यातली अक्षरं परत शोधत बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये माहिती वाचता येण्याजोग्या स्वरूपात मिळण्याची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून आणि मुंबईचे अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. बँकेत 'तुम्हाला चेकबुक मिळणार नाही, घरच्यांना घेऊन या' असं कुणी म्हणालं तर रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं परिपत्रक सांग. चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आवाज चढवायची गरज नाही, तारीख सांगितली की समोरचा ऐकतो.

तहसीलला, भूसंपादनाच्या कार्यालयाला, विद्यापीठाला, कुठेही अर्ज देताना खाली दोन ओळी जोड: 'मी दृष्टिबाधित असून स्क्रीन रीडर वापरते. या अर्जाचं उत्तर आणि त्यासोबतचे कागद स्कॅनऐवजी युनिकोड मराठीतल्या वर्ड फाइलमध्ये माझ्या ई-मेलवर पाठवावेत.' देतीलच असं नाही. कधी देतात, कधी उत्तरच येत नाही. तरी प्रत्येक अर्जात लिही. अर्जाची पोच घे, पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घातली आहे का ते तिथंच उभी राहून विचार, आणि घरी आल्यावर ती पोच आधी स्कॅन कर.